उंची १०४ मीटर

नकाशात त्याला नाव नाही, नुसता आकडा.
सेइशेदोचे लोक त्याला टक्कल म्हणतात,
पोर्तेलोत तो मावशी, का ते कुणाला सांगता येत नाही,
आणि आर्नेइरोत नुसताच 'तो':
त्याच्यावर ढग बसलाय, आज होड्या काढू नका.

एकोणीस वर्षं मी त्याला प्रदक्षिणा घालते आहे.
पिवळी स्कूटर, मागच्या पेटीत टपाल,
सव्वीस किलोमीटर, तीन गावं, चौदा कुत्री.
देवाला इतक्या घातल्या असत्या
तर निदान गुडघे तरी बरे झाले असते.
वर कधी गेले नाही.
वर कुणाला पत्र येत नाही.

सेइशेदोत विजेची बिलं,
पोर्तेलोत कारखान्याच्या नोटिसा
(तारल्या कमी, डबे कमी, बाया कमी),
आर्नेइरोत औषधं, आणि स्वित्झर्लंडहून मुलांची कार्डं
ज्यांवर डोंगर इतके उंच, इतके पांढरे
की म्हाताऱ्या ती कपाटाच्या दाराला आतून चिकटवतात,
त्याला दिसू नयेत म्हणून.

फेब्रुवारीत एक पाकीट आलं, रोसारियो, अर्जेंटिनाहून.
अक्षर थरथरतं, शाई निळी.
पत्त्याच्या जागी लिहिलेलं:
'जिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून गाय दिसते,
समुद्राकडे तोंड करून बसलेली, तिला.'
मागे फक्त 'बेनिग्नो'.

नियमाप्रमाणे परत पाठवायला हवं होतं.
मी ते चार दिवस पेटीत फिरवलं.
सेइशेदोत रामिरोच्या खानावळीत विचारलं.
दुपारची दारू पिणारे सगळे दारात आले,
डोळ्यांवर हात धरून बघत राहिले, म्हणाले, गाय?
आमच्याकडून तर टक्कलच आहे,
आता त्यावर मोबाइलचा टॉवर, एवढाच केस.
पोर्तेलोत कार्मेनं हात तेलाचे म्हणून
हनुवटीनंच मला बाहेर काढलं:
जेवणाच्या सुट्टीआधी अठराशे डबे आहेत, बाई,
गाई कसल्या मोजतेस.

आर्नेइरोत दोसिंदा बटाटे सोलत होती.
पत्ता मी वाचून दाखवला.
तिनं बटाटा खाली ठेवला नाही.
खिडकीतून बघत राहिली, मीही बघितलं:
निलगिरीची झाडं, खाणीचा उभा कापलेला पिवळा कडा.
'डोकं होतं,' ती म्हणाली.
'मी सोळाची असताना नेलं.
अकराला सुरुंग, चारला सुरुंग,
कोंबड्या अंडी घालायच्या बंद झाल्या.
ट्रकमागून ट्रक, दोन वर्षं.
लाटा अडवायला बांध हवा होता ना.'
मग गाय आता कुठे?
'गाय इथंच आहे. डोकं तिकडे,'
आणि सुरी समुद्राकडे.

'तो आदल्या वर्षी गेला.
त्याच्याकडे ती अजून अख्खी असणार.'

पाकीट तिनं उघडलं नाही,
एप्रनच्या खिशात ठेवलं, वरून दोनदा थोपटलं.
अर्जेंटिनाला तिकीट केवढ्याचं, विचारलं.
मी सांगितलं.
'एवढे पैसे घालून
कुणाला असलं काही कळवू नये,' म्हणाली,
आणि जाताना चार बटाटे दिले, दोन सोललेले.

परतताना बांधावर स्कूटर थांबवली.
दुरून डोंगर साजरे, असं म्हणतात.
हा मी एकोणीस वर्षांत पहिल्यांदा हाताला लागलेला पाहिला:
ओला, खडबडीत, सुरुंगाची भोकं अजून तशीच,
त्यांत काळे शिनाणे घट्ट रुतलेले.
कान असेल, किंवा नाकपुडी.
पलीकडे समुद्र ढुशा देत होता.
अलीकडे होड्या
दावणीला बांधल्यासारख्या उभ्या,
एकही हलत नव्हती.

पोस्टात अर्धा तास उशिरा पोचले.
कारण विचारलं, तेव्हा म्हणाले,
त्याच्यावर ढग होता.